न आलेल्या माणसाचं पान

एरंडेलाचा जळका वास. ओहायोचा १९५८चा शिक्का असलेलं पाकीट. तुळजापुरातली, लाल कापडात बांधलेली यात्रेकरूंची वही. शर्यतीत धावलेली एक मोटार.

दारी येणाऱ्या यात्रेकरूंचं घराणं वहीत लिहिणं हे विष्णुपंत उपाध्यांचं काम. जीव मात्र जडलेला अमेरिकेतल्या जुन्या मोटार-शर्यतवाल्यांवर. रद्दीतल्या मासिकांतून विसरलेली नावं वेचून ते त्यांच्या गावी पत्रं टाकायचे.

त्यांतलाच एक, हर्मन क्रेल, १९१४ साली मोटारीसकट नाहीसा झाला होता. त्याच्या म्हाताऱ्या मुलीचं, एडाचं, उत्तर आलं : "मला मोटारीत बसवायचं कबूल करून बाबा गेले. पुढं त्यांचं काय झालं, तेवढं मरायच्या आधी कळू द्या."

विष्णुपंतांना राहवेना. त्यांनी वहीत क्रेलच्या नावानं कोरं पान उघडलं.

"अहो, दारात न आलेल्याचं पान उघडत नसतात," अनसूयाबाई म्हणाल्या. "मामंजी असते तर वही काढून घेतली असती."

"मग येईल की तो! तू पुरणाचं बघ."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ओसरीवर जळक्या एरंडेलाचा वास पसरला.

"कुणाला जुलाब देताय?" अनसूयाबाई आतून हसल्या.

विष्णुपंत हसले नाहीत. त्या काळी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल घालत, हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

त्यांनी वहीचं लाल कापड सोडलं. यात्रेकरूनं सही करायच्या जागी इंग्रजीत, तेलकट बोटांचे ठसे उमटवत, क्रेलनं सही केली होती. खाली 'सोबत कोण' यापुढं त्याच अक्षरात होतं : मुलगी एडा.

विष्णुपंतांनी क्रेलच्या नावानं पान उघडलं, त्याच दिवशी ओहायोत एडाच्या दारात मोटारीचा भोंगा वाजला होता.