पुतळ्याचे गुडघे

उलव्याच्या मोकळ्या प्लॉटवर बिनड्रायव्हरचा ट्रेलर पुन्हा एकदा चाचणीसाठी उभ्या केलेल्या माणसाच्या पुतळ्यासमोर येऊन अलगद थांबला. वाटेत माणूस दिसला की थांबायचं, हा प्रोग्रॅम शौनकने लिहिला होता. सोमवारी ट्रेलर बंदरात जाणार होता. फक्त टेस्टिंगवाल्या संध्याची सही बाकी होती. तिने पुतळ्याचा पाय दाबून पाहिला. “याचे गुडघे वाकत नाहीत.” “परदेशातून मागवलाय,” शौनक म्हणाला. “गुडघे कशाला वाकायला हवेत?” “आमच्या सारसोळ्यात कोणी उभ्याने डबा खात नाही. बंदरातही माणसं कंटेनरच्या सावलीला उकिडवीच बसतात.” “सगळ्या टेस्ट पास झाल्यात, संध्या. उगाच टेन्शन नको देऊस.” पुतळ्याचे पाय काढून तिने नुसतं धड जमिनीवर टेकवलं, त्याचं हेल्मेट सरळ केलं आणि बाजूला झाली. ट्रेलर आला. थांबला नाही. चाकाखालचे हेल्मेटचे तुकडे शौनकने स्वतः गोळा केले. मग साहेबांना फोन लावला. “सोमवारी जमणार नाही, सर. बसलेला माणूस आपल्याला दिसतच नाही.” गणपती होऊन गेले, तेव्हा कुठे ट्रेलर पेणच्या मूर्तिकाराकडून करून आणलेल्या उकिडव्या पुतळ्यासमोर थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याने सहीसाठी पेन उघडलं. शौनकने तिला हातानेच थांबवलं आणि पुतळ्याला वाटेतच कुशीवर निजवलं. “जेवण झालं की माणसं जरा आडवीही होतात.”