खणाला लावलेलं कुलूप

कारखान्याच्या ट्रेनिंगमध्ये मशीन चालवणाऱ्या तिलाही, फोरमनलाही एकेक लाल कुलूप मिळालं होतं. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात. फोरमनने ते हसण्यावारी नेलं. “कुलपं लावत बसलात, तर माल काय तुमचा बाप काढणार?” मग तिचं गेलं डब्याच्या कपाटाला, त्याचं टेबलाच्या खणाला. आज रोलरमध्ये रबर अडकलं. फोरमनने स्विच बंद करून पलीकडून हात घातला. ती जेवून आली. मशीन नुसतंच बंद दिसलं, पलीकडे वाकलेला तो दिसला नाही. तिने स्विच चालू केला. रोलरांनी त्याचा हात कोपरापर्यंत ओढला, हाडं काटक्यांसारखी मोडली, भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. तिने मशीन थांबवून रोलर उलटे फिरवले. हाताची चिंधी निघाली. डोक्याच्या रुमालाने तिने दंड आवळला. “माझा हात आत होता, कळलं नाही तुला?” तो कण्हला. “कुलूप नव्हतं, साहेब.”