रावसाहेबांचा शह

रावसाहेबांनी हत्ती सरकवून शह दिला आणि महिपत कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. आपण जिंकणार, हे त्याला दिसलं होतं.

रत्नागिरीच्या क्लबातल्या चढाओढीचा हा अखेरचा डाव. कचेरीत रावसाहेब साहेब, म्हणून क्लबातही पांढरे मोहरे त्यांचेच. महिपतची खेडला बदली झाली होती. घरी वडील अर्धांगवायूने पडलेले. त्यांना हलवणं शक्य नव्हतं. बदली रद्द व्हावी म्हणून केलेला अर्ज रावसाहेबांच्या टेबलावर सहीची वाट पाहत होता.

तेव्हा हरायचं, हे महिपत घरूनच ठरवून आला होता. रावसाहेबांचं प्यादं पुढे आलं की याचा घोडा मागे; वजीर आला की याचा उंट अंग चोरून बाजूला. बारा वर्षं कचेरीच्या व्हरांड्यात तो हेच करत आला होता. पण मोकळी वाट पाहून रावसाहेब इतके आत घुसले, की त्यांचा राजा कोपऱ्यात एकटा राहिला. बघ्यांनी याला बचावाची नवी तऱ्हा ठरवून माना डोलावल्या.

आता महिपतचा राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेला. राजाला डावात एकदाच मिळणारी घोड्याची उडी मघाशीच मारून झालेली. शह उठवायला एकच खेळी उरली होती: प्याद्याने तो हत्ती मारायचा. आणि मारला की त्याच प्याद्याने रावसाहेबांवर मात. प्यादेमात. याहून मोठी नाचक्की बुद्धिबळात नाही.

"रावसाहेब, हरलो मी. डाव सोडतो."

"छे, छे. मात झाल्याशिवाय उठायचं नाही."

नियम त्यांनीच केलेला. लोक आधीच शरण जात आणि रावसाहेबांचं मात करायचं सुख हुके.

महिपत काही सुचत नसल्यासारखा पटाकडे बघत बसला. शेजारी सुपारी कातरणाऱ्या आप्पा वकिलांना ते बघवेना. त्यांनी अडकित्त्यानेच दाखवलं.

"अहो, हे प्यादं आहे की."

महिपतने नैवेद्य उचलावा तसं दोन्ही हातांनी प्यादं उचललं आणि हत्ती मारला.

अडकित्ता थांबला. रावसाहेबांनी पट नीट तपासला, राजाला कुठे घर आहे का पाहिलं, मग पगडी डोक्यावर ठेवली.

"सुरेख खेळता," ते म्हणाले. "खेडला क्लब नाही म्हणतात. तुम्ही काढा."

ते दाराकडे निघाले. महिपतने सवयीने दोन पावलं मागे सरून त्यांना वाट दिली.