गाळण्याचे तीन ठोके

उल्का अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात जनरेटर सांभाळायला गेल्यापासून तिचा नवरा संजीव दर रविवारी दुपारी नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या घरातून तिला व्हिडिओ कॉल करायचा. तिच्यामागे स्वयंपाकघरात एक माणूस पाठमोरा उभा राहून चहा गाळत असायचा. गाळून झालं की गाळणं कपाच्या काठावर तीनदा ठोकायचा. अगदी संजीवसारखं. याच सवयीवरून उल्काने संजीवची किती थट्टा केली होती!

शेवटी त्याने विचारलंच, "कोण गं तो?"

"कुठे कोण आहे? आणि इथे गाळणं कुठलं, टी-बॅगच मिळतात," ती म्हणाली आणि दुधाळ चहाचा घोट घेत हसली. तसं ती संजीवशी बोलताना हल्ली हसत नसे.

संजीवच्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्या रविवारी ठोके ऐकू आले मात्र, तो ओरडला, "सांग त्याला, इकडे तोंड कर म्हणावं!"

उल्का दचकली. स्क्रीनकडे परक्यासारखी बघत राहिली. मग मागे वळून हळूच म्हणाली, "संजीव, लवकर ये रे. तो माणूस आज परत तुझ्या आवाजात बोलतोय."