सासुरवाडीतला फाऊल

वरवटचा गडी बास्केटमध्ये चेंडू टाकायला असा उडाला, की त्याला वर मारुतीच्या देवळाचा कळस जवळून दिसला म्हणे. तेवढ्यात वडनेरच्या निवृत्तीचा हात बसला. चेंडूवर बसता तर चाललं असतं, बसला मनगटावर. रेफरी वामनराव. निवृत्ती त्यांचा साळा, वडनेर सासुरवाडी. तरी शिट्टी वाजूनच गेली! दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. वडनेर हरलं.

संध्याकाळी सासुरवाडीच्या पाटावर वामनरावांच्या घशात घास अडकला.

सासूबाईंनी भाकरीवर तुपाची धार सोडली. "लय बेस केलं, जावईबुवा! निवृत्ती जितला असता तं उद्या अकोल्याच्या सामन्याले पळाला असता. उद्या पोरीवाले त्याले पाहाले येऊन राह्यले. आता पाहतो, कुठं पळते!"

तुपाच्या आधीच घास खाली उतरला.