शेवटच्या गाण्यापर्यंत

अल्बम संपला. मास्तरांनी हेडफोन काढला नाही. बटण दाबून पहिलं गाणं पुन्हा लावलं.

काल जेवताना त्यांनी लेकीच्या या लाडक्या बँडची पिसं काढली होती. “कसली गं ही गाणी? मेटलची आणि रॅपची नुसती मोट बांधलीय. अर्धं बोलतात, अर्धं बोंबलतात. आणि मधेच ते रडणं! रोज दुपारी तुझ्या खोलीच्या भिंतीतून ऐकतोय. रडण्याला काय गायकी म्हणायची?”

लेकीचा घास हातातच राहिला. मग ती उठली, खोलीतून सीडी आणून तिनं त्यांच्या ताटाशी ठेवली.

“त्यांचा पहिला अल्बम आहे. सलग ऐका, बाबा. मग नावं ठेवा.”

“बरं बाई. आता मास्तर परीक्षेला बसतो.”

ती हसली नव्हती.

गाणं शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मास्तर आधी एकच सांगत: शब्द नंतर, आधी श्वास ऐक. आत्ताही ते तसंच ऐकत होते. गिटारी इतक्या खालच्या सुरात लावलेल्या, की छातीत गुरगुरत होत्या. ड्रमवाला लयीला पक्का. रेकॉर्डिंग गरिबाघरचं, पण खोटं नव्हे. गायक किंचाळण्याआधी पोटातून श्वास भरून घेत होता. वाटला तेवढा अडाणी नव्हता. पास करायला काहीच हरकत नव्हती.

पण रडणं कुठे होतं?

ओरडणं होतं, कुजबुज होती, शिव्याही होत्या. भिंतीतून येणारं ते रडणं मात्र नव्हतं. उशीत दाबलेलं, तुकड्यातुकड्यांनी श्वास आत ओढणारं. शेवटचं गाणं दुसऱ्यांदा संपलं.

त्यांनी हेडफोन काढला. सीडी त्यांच्याच यंत्रात होती. भिंतीपलीकडे आज गाणी नव्हती. रडणंही नव्हतं. रोजच्या वेळेला काहीच ऐकू येत नव्हतं.

ते धडपडत लेकीच्या दाराशी गेले. आतून कडी होती.

“सोने, ऐकला गं अल्बम.”

त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

“ड्रमवाला चांगला आहे. गायकसुद्धा...” त्यांनी दाराला कपाळ टेकवलं. “ते रडणं कुठल्या गाण्यात आहे गं? मला सापडलं नाही.”

मास्तरांनी लाकडाला कान लावला आणि स्वतःचा श्वास रोखून धरला.

बऱ्याच वेळानं दारापलीकडे, अगदी खाली, जमिनीलगत कुणीतरी श्वास आत ओढला. तुकड्यातुकड्यांनी.

मास्तर दाराला धरून खाली बसले.

“हां,” ते म्हणाले. “घेतलास ना? आता सोड, बाळा. सावकाश.”