केशरी गोळा

“सर, माझ्या मागे काही दिसतंय का?” रेडिओवर निमकरने विचारलं.

तुकडीप्रमुख घोरपडेंनी वळून पाहिलं. निमकरच्या विमानामागे उन्हात केशरी ठिपका लखलखत होता. काल लढाईत असाच गोळा आपल्या विमानाच्या पंखालगत उडत होता, असं निमकरने सांगताच अख्खी मेस हसली होती. घोरपडेंनीही तो पाहिला होता. पण असलं काही दिसलं म्हणणाऱ्याचं उडणं बंद केलं जाई, म्हणून तेही हसले होते.

“काही नाही रे.”

ठिपका मोठा झाला, त्याला पंख दिसले. ते शत्रूचं विमान होतं; त्याच्या तोफेने निमकरला विमानासकट फाडलं.

घोरपडेंनी त्या शत्रूला जाळून पाडलं. वळले, तर त्यांच्याच पंखालगत केशरी गोळा निवांत उडत होता. त्यांनी विमानाचं नाक त्याच्यावर रोखलं. गोळ्या संपल्या तरी घोडा दाबत ते रेडिओवर ओरडत राहिले, “दिसतोय रे, निमकर! दिसतोय!”